टूलमध्ये बग आहे!

शुक्रवारी रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. हा पठ्ठ्या इंजिनिअरिंग संपवून गेल्या वर्षी नोकरीला लागला, आणि सध्या शनिवार-रविवार मित्राच्या मेससाठी डब्याच्या ऑर्डरी घेणारं एक छोटं ॲप्लिकेशन बनवतोय.

"दादा, वर्कबेंचमध्ये बग आहे. मॉडेल एकदम बरोबर आहे, मी तीनदा बघितलं. पण फॉरवर्ड इंजिनिअर केलं की एरर देतंय."

स्क्रीन शेअर करायला सांगितली. मॉडेल खरंच छान होतं. ग्राहक, ऑर्डर, पदार्थ, पैसे भरल्याची नोंद. एकूण सात चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा, रेघांच्या टोकाला कावळ्याचे पाय. संपलेली भाजी त्या दिवसापुरती मेनूतून लपवता यावी म्हणून पदार्थांच्या टेबलात 'इज_व्हिजिबल' नावाचा कॉलमसुद्धा साहेबांनी आठवणीनं ठेवला होता. चौकोनांना रंगही दिले होते. पण स्क्रिप्ट सर्व्हरकडे गेली की पहिल्याच इंडेक्सवर आपटत होती. एरर १०६४, म्हणजे वाक्यरचनाच चुकली.

"एररचं वाक्य वाच," मी म्हटलं.

"सिंटॅक्स एरर आहे."

"पूर्ण वाच."

"दादा, तेच असतं नेहमीचं. मॅन्युअल बघा वगैरे."

मी म्हटलं, ते वाक्य शेवटपर्यंत वाच आणि मग झोप. उत्तर सांगितलं नाही. त्याला राग आला असणार. तुम्हाला मात्र सांगून टाकतो, कारण तुम्ही शनिवारी सकाळी चहा पीत हे वाचताय आणि तुम्हाला छळण्यात काही अर्थ नाही.

मायएसक्यूएलच्या ८.० या व्हर्जनपासून इंडेक्स 'अदृश्य' करता येतो. म्हणजे इंडेक्स न पाडता ऑप्टिमायझरपासून लपवायचा, आणि त्याच्यावाचून कुणाचं अडतं का ते बघायचं. सोय चांगली आहे. ही सोय आल्यावर वर्कबेंच आठव्या व्हर्जनसाठी स्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक इंडेक्सपुढे 'व्हिजिबल' हा शब्द जोडू लागलं. ५.७ ला हा शब्द माहीत नाही, आणि मारियाडीबीला तर नाहीच नाही. पण माझ्या भावाचा सर्व्हर मायएसक्यूएल होता ना? तो तसं म्हणत होता खरा. त्यानं झॅम्प टाकलं होतं, आणि झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलवर 'मायएसक्यूएल' असंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात २०१५ सालापासून झॅम्पबरोबर मारियाडीबी येतो. आणि गंमत म्हणजे ते 'नेहमीचं' एररचं वाक्यच सांगत होतं की तुमच्या मारियाडीबी सर्व्हरच्या व्हर्जनचं मॅन्युअल बघा. उत्तर पहिल्या मिनिटापासून स्क्रीनवर लाल अक्षरांत बसलेलं होतं. उपाय दोन क्लिकचा. मॉडेलच्या ऑप्शन्समध्ये जाऊन टार्गेट व्हर्जन ५.७ करायचं, की तो शब्द जातो.

(थोडं विषयांतर: मायएसक्यूएलमधलं 'माय' हे मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव आणि मारिया हे धाकटीचं. मायएसक्यूएल २००८ मध्ये सनकडे गेलं, सन पुढे ओरॅकलकडे जाणार हे २००९ मध्ये ठरलं, आणि विडेनियस यांनी धाकट्या लेकीच्या नावानं वेगळी चूल मांडली. दोघी बहिणी दिसायला सारख्या, पण बोलताना शब्द वेगळे वापरतात. माझा भाऊ थोरली समजून धाकटीशी बोलत होता.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. 'टूलमध्ये बग आहे' हे वाक्य आपल्या धंद्यात फार सोयीचं आहे. ते म्हटलं की आपण सुटलो. समोरचा मॅनेजरही मान डोलावतो, कारण त्यालाही पुढच्या मीटिंगला जायचं असतं. मी स्वतः हे वाक्य एकदा वापरलंय आणि ते मला अजून टोचतं. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी ही टूलं नेमकी अडकतात कुठे, ते थोडं.

पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं, तेव्हापासून डेटाबेसचं चित्र काढायची पद्धत रुळली. मॉडेलिंग टूल म्हणजे त्या चित्राचा दुभाषा. चित्रावरून एसक्यूएल लिहितं ते फॉरवर्ड इंजिनिअरिंग, चालू डेटाबेस वाचून चित्र काढतं ते रिव्हर्स, आणि दोन्ही समोर ठेवून 'कुठे काय वेगळं आहे' हे सांगतं ते सिंक्रोनाइझ. तिन्ही कामं भाषांतराची आहेत. आणि भाषांतरात जे होतं तेच इथे होतं: मुळात होतं ते गळतं, नव्हतं ते घुसतं. म्हणून काही बिनसलं की मी चित्राकडे बघतच नाही. चित्र सुंदरच असतं हो. रेघ कधी तुटलेली दिसत नाही.

उदाहरणार्थ फॉरेन की. सर्व्हर म्हणतो एरर १५०, की नीट बनलेली नाही. चित्रात रेघ तर व्यवस्थित आहे! पण रेघेच्या एका टोकाला साधा इंट आणि दुसऱ्या टोकाला अनसाइन्ड इंट असेल, तर इनोडीबी ती की घेणार नाही. त्याला आकडा लहान-मोठा किती आणि उणे चालतो का, दोन्ही बाजूंना सारखं लागतं. अक्षरांचे कॉलम असतील तर कॅरॅक्टर सेट आणि कोलेशन जुळावं लागतं. हा दुसरा प्रकार आपल्याकडे फार दिसतो, कारण जुनं टेबल कुणीतरी कधीकाळी बनवलेलं असतं आणि त्याचं कोलेशन असतं लॅटिन-वन स्वीडिश. स्वीडिश का, तर कंपनी मूळची स्वीडनची. बारामतीच्या ग्राहकाची नावं स्वीडिश क्रमानं लावायची का, हे कुणी कुणाला विचारलेलं नसतं, ते आपोआप झालेलं असतं. अशा कॉलममध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची माळ येते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना बघितलंय. मायएसक्यूएल ८ पासून मूळची निवड युटीएफ-८-एमबी-४ झाली. म्हणजे नवीन टेबल एका भाषेत आणि जुनं दुसऱ्या. रिव्हर्स इंजिनिअर करून दोन्ही एकाच चित्रात आणली, मध्ये रेघ ओढली, आणि एरर १५०. यात टूलचा बग कुठे आहे? सर्व्हरला विचारा. 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही कमांड दिली की शेवटची फॉरेन की नेमकी का फसली त्याचा परिच्छेदच तो लिहून देतो. लांबलचक पानभर उत्तर येतं म्हणून कुणी वाचत नाही.

एरर १२१ ची गोष्ट त्याहून सोपी. एक टेबल कॉपी-पेस्ट करून दुसरं बनवलं, आत फॉरेन कीचं नाव तेच राहिलं. ही नावं अख्ख्या डेटाबेसमध्ये एकदाच वापरता येतात. टूलनं इशारा द्यायला हवा होता, हे मान्य. पण टूलच्या चुकीपेक्षा आपल्या आळसाचा वाटा मोठा आहे, हेही मान्य करूया.

आता जरा गंभीर प्रकार. याला मी 'भुताटकीचे बदल' म्हणतो. तुम्ही काही बदललेलं नाही, तरी सिंक्रोनाइझ केलं की टूल म्हणतं इथे बदल आहे. तुम्ही तो सर्व्हरवर चढवता. पुन्हा सिंक करता, पुन्हा तोच बदल. मॉडेलमध्ये तुम्ही बूलियन लिहिलंय, मायएसक्यूएलमध्ये बूलियन हे टायनीइंट(१) चं टोपणनाव आहे, सर्व्हर खरं नाव सांगतो. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या टूलला वाटतं ही दोन वेगळी माणसं आहेत. तसंच इंट(११) चं. हा अकरा कधीच साठवणुकीचा आकार नव्हता, इंट नेहमी चारच बाइट घेतो. ती फक्त दाखवायची रुंदी होती. ८.०.१७ मध्ये ती मोडीत काढायचं जाहीर झालं आणि ८.०.१९ पासून सर्व्हर नुसतंच इंट सांगतो. जुन्या मॉडेलमध्ये मात्र अकरा तसाच. झाले दीडशे बदल तयार.

हे निरुपद्रवी वाटतं. तसं नाहीये. रोज पन्नास खोटे बदल बघायची सवय लागली की एक्कावन्नावा खरा बदल डोळ्याला दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री-अपरात्री वाजणारा अलार्म आहे, तो वाजला की वॉचमन उठून बंद करतो आणि परत झोपतो. तेच.

तर आता ती गोष्ट. साल २०१४. आम्ही एका पतसंस्थेचं काम करत होतो. सभासद अकराएक हजार. टूलचं नाव सांगत नाही, कारण पुढे दिसेलच की त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. टीममध्ये एक मुलगी होती, कॉलेजातून येऊन सहा महिने झालेली. सभासदांच्या टेबलात 'नॉमिनी' असा कॉलम होता. पुढे दोन नॉमिनी घ्यायचे ठरलं, म्हणून तिनं तिच्या मशीनवर मॉडेलमध्ये त्याचं नाव बदलून 'नॉमिनी_१' केलं आणि शेजारी नवीन 'नॉमिनी_२' घातला. अगदी बरोबर काम.

माझ्या मशीनवर त्याच मॉडेलची दुसरी प्रत होती, माझ्या बदलांसह. आता दोन मॉडेलं एकत्र कशी करायची? या टूलांच्या फाइली व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवता येतात, पण मर्ज करता येत नाहीत. (वर्कबेंचची एमडब्ल्यूबी फाइल ही खरं तर झिप असते, शेपटाला झिप लावून उघडली तर आत एक्सएमएल सापडतं. पण ते एक्सएमएल हातानं मर्ज करणारा माणूस मला अजून भेटायचाय.) मी एक शॉर्टकट काढला. तिच्याकडून एसक्यूएल स्क्रिप्ट मागवली आणि माझ्या मॉडेलमध्ये ते टेबल काढून तिच्या स्क्रिप्टवरून नव्यानं आणलं. पाच मिनिटांचं काम. स्वतःवर खूश झालो.

टेस्टच्या डेटाबेसवर चालवलं, चाललं. तिथले सभासद म्हणजे आम्हीच, आमच्यापैकी कुणी नॉमिनी भरलेला नव्हता. संध्याकाळी सातला काऊंटर बंद झाल्यावर प्रॉडक्शनवर सिंक केलं. बदलांची यादी आली, पन्नासेक ओळी, बहुतेक सगळ्या त्याच बूलियनच्या. मी खालपर्यंत स्क्रोल केलं आणि बटण दाबलं. त्या ओळींमध्ये एक होती 'ड्रॉप कॉलम नॉमिनी' आणि तिच्या खाली 'ॲड कॉलम नॉमिनी_१'.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. "साहेब, सगळ्यांचे नॉमिनी कोरे दिसतायत."

ज्यांचा डेटाबेसशी संबंध नाही त्यांना यात विशेष काय गेलं असं वाटेल. सभासद गेला तर त्याची ठेव कुणाच्या हातात द्यायची, हे त्या एका कॉलमवर ठरतं. तो कोरा असेल तर त्याच्या बायकोनं कागदपत्रं घेऊन किती खेटे घालायचे याला हिशेब नाही.

मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल केलं की ते आपोआप कमिट होतं, रोलबॅक नाही. (पोस्टग्रेसमध्ये असे बदलही ट्रॅन्झॅक्शनमध्ये बसतात, हे त्या दिवशी आठवून मला काडीचा उपयोग झाला नाही.) बायनरी लॉग असता तर मिनिटापर्यंत मागे जाता आलं असतं. पण आठव्या व्हर्जनच्या आधी तो मुद्दाम चालू करावा लागायचा, आणि आम्ही केलेला नव्हता. बॅकअप होता तो बदलाच्या आदल्या रात्रीचा. त्यातून सभासद क्रमांकावरून कॉलम भरून घेतला. राहिले त्या एका दिवसात नोंदवलेले ३७ अर्ज. नेमकी तेव्हा नॉमिनी अर्ज भरून घ्यायची मोहीम चालू होती. काऊंटरवरच्या ताईंनी फाइल काढली आणि ते ३७ अर्ज परत टाइप केले. मी शेजारी उभा. "कागद ठेवलेत म्हणून बरं," एवढंच म्हणाल्या. मला नाही, अर्जाकडे बघून.

दुपारी ऑफिसात मीटिंग. काय झालं असं मॅनेजरनं विचारलं. आणि मी म्हणालो, "टूलमध्ये बग आहे. नाव बदललं तर ते कॉलम पाडून नवा बनवतंय." मॅनेजर म्हणाला, पण मुळात हे नाव बदललं कुणी? सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते खरंच बग वाटत होतं. निदान मी तशी समजूत घालून घेतली होती. म्हणून शनिवारी बसलो, टूल बनवणाऱ्यांना बग रिपोर्ट पाठवायला. चांगला रिपोर्ट म्हणजे अख्खं मॉडेल पाठवायचं नसतं. दोन टेबलांचं रिकामं मॉडेल घ्यायचं, गडबड तेवढ्यात घडवून दाखवायची, टूलचं आणि सर्व्हरचं व्हर्जन लिहायचं. मी दोन टेबलं बनवली, एका कॉलमचं नाव बदललं, सिंक केलं. टूलनं शहाण्यासारखं 'चेंज कॉलम' लिहिलं. डेटा जागच्या जागी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जसं केलं होतं अगदी तसं केलं, म्हणजे टेबल काढून स्क्रिप्टवरून परत आणलं. आणि आली ती ओळ. ड्रॉप कॉलम.

कारण साधं होतं. टूल प्रत्येक गोष्टीचं आधीचं नाव आपल्या फाइलीत जपून ठेवतं. त्या आठवणीवरून त्याला कळतं की हे नाव बदललंय. मी टेबल स्क्रिप्टवरून आणलं तेव्हा ती आठवण पुसली गेली. आता टूलसमोर दोनच गोष्टी उरल्या: सर्व्हरवर नॉमिनी आहे, मॉडेलमध्ये नॉमिनी_१ आहे. यावरून जगातलं कुठलंही टूल, कितीही हुशार असो, हे ओळखू शकत नाही की तो जुनाच कॉलम नव्या नावानं आहे की एक गेला आणि दुसरा आला. कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले तर खुर्ची हलवली की जुनी विकून नवी घेतली, हे फोटोवरून कसं कळणार? तुमच्या मनात काय होतं ते फोटोत नसतं.

बग रिपोर्ट पाठवला नाही. सोमवारी तिला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. माझ्या मशीनवर मी करून बघितलं तेव्हा बरोबर चाललं होतं. पण तुम्ही म्हणालात टूलमध्ये बग आहे, मग मी कशाला बोलू?" मग मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, बरं, झालं ते झालं. त्याच्या दृष्टीनं विषय शुक्रवारीच संपला होता. त्या मुलीच्या त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये मात्र 'प्रॉडक्शन बदलांमध्ये काळजी हवी' असं एक वाक्य आलं. मी ते काढायला लावलं, पण ते लिहिलं गेलं ही गोष्ट खरी.

या घटनेनंतर आमच्याकडच्या एका सिनिअरनं फतवा काढला: चित्रं बंद, सगळ्यांनी हातानं एसक्यूएल लिहायचं. आपल्या क्षेत्रात हा संप्रदाय मोठा आहे. खरा पुरुष काळ्या स्क्रीनवर टाइप करतो वगैरे. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारणही त्याच पतसंस्थेतलं आहे. कामाच्या सुरुवातीला आम्ही मॉडेलचा प्रिंट काढून तिथल्या वसुली अधिकाऱ्यांसमोर टेबलावर पसरला होता. गृहस्थांना एसक्यूएल म्हणजे काय माहीत असायचं कारण नाही. त्यांनी चष्मा लावला, रेघांवरून बोट फिरवत गेले आणि कर्जावर थांबले. "इथून जामीनदाराकडे एकच रेघ आहे. आमच्याकडे एका कर्जाला दोन जामीनदार लागतात. आणि एक माणूस चौघांना जामीन राहतो, तीच तर आमची डोकेदुखी आहे." दोन महिन्यांनी सापडली असती ती चूक दोन मिनिटांत सापडली. क्रिएट टेबलची चारशे ओळींची स्क्रिप्ट त्यांच्यासमोर ठेवली असती तर काय झालं असतं? चहा घेऊन निघालो असतो.

तेव्हा चित्र हवंच. माझं भांडण चित्राशी नाही, चित्रावरून थेट चालत्या डेटाबेसला हात घालणाऱ्या बटणाशी आहे. रिकाम्या डेटाबेसवर ते खुशाल दाबा. ज्यात लोकांचा डेटा आहे तिथे बदल हा बदल म्हणूनच लिहिलेला हवा: अमुक कॉलमचं नाव तमुक कर. लिक्विबेस २००६ पासून हेच सांगतंय, रेल्स आणि फ्लायवेवाल्यांनीही तोच रस्ता धरला. जँगोचं मला विशेष कौतुक वाटतं. २०१४ मध्येच, आमचा घोळ झाला त्याच वर्षी, त्यांच्या १.७ व्हर्जनमध्ये मायग्रेशन आली. एक कॉलम गेलेला आणि तसाच दुसरा आलेला दिसला की ते थांबतं आणि सरळ विचारतं, बाबा रे, तू याचं नाव बदललंस का? हो की नाही? स्वतःला काय कळत नाही हे ज्याला कळतं असं सॉफ्टवेअर विरळा. माणसंही.

टूलला स्क्रिप्ट लिहू द्या, माझी हरकत नाही. हल्ली एआयही लिहून देतं, तेही चालेल. पण लिहिलेली स्क्रिप्ट एका जिवंत माणसानं ओळ न् ओळ वाचल्याशिवाय प्रॉडक्शनवर जाऊ नये. आमच्याकडे आता 'ड्रॉप' हा शब्द असलेली स्क्रिप्ट दोघांनी वाचायची असते आणि ती शुक्रवारी चालवायची नसते. आणि भुताटकीचे बदल आधी मिटवायचे. मॉडेलमध्ये बूलियनच्या जागी टायनीइंट(१) लिहा, जुने अकरा काढून टाका, लागला एक दिवस तर लागू द्या. यादी रिकामी यायला लागली की तिच्यात आलेली एक ओळसुद्धा डोळ्यात भरते.

खरे बग नसतातच असं म्हणत नाहीये मी. असतात, भरपूर असतात. मोठं मॉडेल सेव्ह करताना टूल बसलेलं मी बघितलंय आणि शेजारच्या बॅकअप फाइलीनं वाचलोही आहे. मायएसक्यूएलच्या बग यादीत डोकावलात तर 'व्हेरिफाइड' शिक्क्याचे ढीगभर सापडतील. पण त्यातला प्रत्येक बग कुणीतरी दोन टेबलांपर्यंत लहान करून दाखवलेला असतो. 'नॉट अ बग' आणि 'कान्ट रिपीट' असे शिक्के असलेले रिपोर्टही वाचत जा, माझा असा आग्रहच आहे. त्यात माझ्यासारखे बरेच भेटतात.

म्हणूनच भावाला उत्तर सांगितलं नाही. आता हे लिहीत असताना, शनिवारी दुपारी, त्याचा मेसेज आला: "झालं दादा! चाललं!!"

विचारलं, सर्व्हर कुठला निघाला?

"ते नाही बघितलं. पण प्रत्येक इंडेक्सपुढे व्हिजिबल असा फालतू शब्द होता, टूलचाच बग. नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेस करून सगळीकडचा उडवला. एकदम मक्खन."

सगळीकडचा. नोटपॅड कॅपिटल-स्मॉल बघत नाही, सांगितल्याशिवाय. आणि पदार्थांच्या टेबलात इज_व्हिजिबल नावाचा एक कॉलम आहे.